घरकुलाचा फॉर्म नंतर, आधी जागेचा कागद : छोट्या शहरात सरकारी मदतीचं घर कसं मिळतं

डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या, प्रचाराच्या पत्रकांत घरकुलाचं आश्वासन जागोजागी होतं, आणि निकाल लागल्यापासून लोक एकच विचारतायत, घरकुलाचा फॉर्म कुठं मिळतो. ऑनलाइन सेंटरवर गर्दी, नगरसेवकाच्या ऑफिसात गर्दी, कुणी सांगतं सध्या बंद आहे, कुणी सांगतं आधार द्या आणि दोन हजार द्या मी भरून देतो. खरं सांगायचं तर फॉर्म ही यातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे. घरकुल अडतं ते दुसऱ्याच ठिकाणी, जागा कुणाच्या नावावर आहे तिथं, आणि ते नेमकं कुणी आधी सांगत नाही. म्हणून हा लेख. माझ्या डोळ्यासमोर लातूर जिल्ह्यातली उदगीर, अहमदपूर, औसा, निलंगा अशी गावं आहेत, पण नियम राज्यभर हेच आहेत त्यामुळे तुम्ही विट्याचे असा की वरोऱ्याचे, काही फरक पडत नाही.

आधी हे बघा : सरकारच्या हिशोबात तुम्ही गावात की शहरात

घरकुलाच्या योजना दोन वेगळ्या खात्यांतून चालतात. ग्रामपंचायत हद्दीत राहत असाल तर प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण, तिचं काम ग्रामसेवक आणि पंचायत समितीकडे. नगरपंचायत, नगरपरिषद किंवा महानगरपालिकेच्या हद्दीत राहत असाल तर शहरी योजना, तिचं काम नगरपरिषदेतल्या घरकुल विभागाकडे. पैसेही वेगळे. ग्रामीणला मूळ अनुदान १ लाख २० हजार आणि त्यात राज्य सरकारनं २०२५ मध्ये ५० हजारांची भर घातली, शहरीला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा १ लाख असे अडीच लाख.

आता हा फरक इतका महत्त्वाचा का, तर २०१४ मध्ये राज्य सरकारनं तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करायचं ठरवलं. आमच्या जिल्ह्यात चाकूर, देवणी, जळकोट, शिरूर अनंतपाळ ही अशीच गावं. लोकांच्या डोक्यात ते अजून गावच आहे, घरं तशीच, रस्ते तसेच, पण कागदावर ते शहर. मग माणूस पंचायत समितीत चकरा मारतो आणि तिथं कळतं की आता तुमचा आमचा संबंध नाही. उलटंही होतं, शहराला अगदी खेटून नवीन प्लॉटिंग असतं, दिसायला पूर्ण शहर, पण हद्द शेजारच्या ग्रामपंचायतीची. ओळखायची सोपी खूण म्हणजे घरपट्टीची पावती कोण देतं ते बघा. पावतीवर ज्याचं नाव, त्याच्याच दारात तुमचा अर्ज जाणार.

इथून पुढचा सगळा भाग शहरी योजनेबद्दल आहे.

चार प्रकार आहेत, तुमचा कोणता ते उत्पन्नावर ठरतं

सध्या चालू आहे ती प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.०. पहिली योजना २०१५ मध्ये आली होती, ही दुसरी १ सप्टेंबर २०२४ पासून लागू झाली, पाच वर्षांत १ कोटी शहरी कुटुंबांना मदत करायची असं उद्दिष्ट आहे.

उत्पन्नाचे तीन गट. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत असेल तर आर्थिकदृष्ट्या दुर्बल गट, ३ ते ६ लाख अल्प उत्पन्न गट, ६ ते ९ लाख मध्यम उत्पन्न गट. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं. लग्न झालेला मुलगा वेगळं कुटुंब धरला जातो, हे लक्षात ठेवा, खूप जण इथं चुकतात.

पहिला प्रकार, स्वतःच्या जागेवर स्वतः घर बांधणं. यात ते अडीच लाखांचं अनुदान. छोट्या शहरात घरकुल म्हणतात ते बहुतेक वेळा हेच. दुसरा, सरकारी किंवा खाजगी प्रकल्पात बांधलेलं स्वस्त घर घेणं. हे दोन्ही फक्त ३ लाखांच्या आतल्या गटाला. तिसरा, परवडणारी भाड्याची घरं, पण ती कामगारांची गर्दी असलेल्या मोठ्या शहरांतच दिसतील, आपल्याकडे त्याची वाट बघण्यात अर्थ नाही. चौथा प्रकार म्हणजे गृहकर्जाच्या व्याजावर सबसिडी, आणि तो तिन्ही गटांना आहे.

एका कुटुंबाला यातला एकच प्रकार मिळतो. अनुदान पण घेतो आणि कर्जावर सबसिडी पण घेतो, असं चालत नाही.

दोन अटी सगळ्यांना सारख्या. तुमच्या किंवा कुटुंबातल्या कुणाच्याही नावावर भारतात कुठंही पक्कं घर नको. आणि गेल्या २० वर्षांत केंद्र, राज्य किंवा नगरपरिषदेच्या कुठल्याही घरकुल योजनेचा लाभ घेतलेला नको. एक तिसरी अट आहे जी कमी लोकांना माहिती आहे : पहिल्या योजनेत ज्यांचं घर मंजूर होऊन नंतर बांधलं नाही म्हणून ३१ डिसेंबर २०२३ नंतर रद्द झालं, त्यांना दुसऱ्या योजनेत घर मिळत नाही. तेव्हा मंजूर झालंय ना, बांधू सावकाश, ही सवय महागात पडते.

जागेचा कागद : खरा अडथळा इथं आहे

स्वतःच्या जागेवर घर, या वाक्यातला "स्वतःच्या" हा शब्द सगळं ठरवतो. आणि छोट्या शहरात पन्नास वर्षं एकाच जागी राहणाऱ्या माणसाकडेसुद्धा ते सिद्ध करणारा कागद नसतो.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे घरपट्टी माझ्या नावानं येते म्हणजे जागा माझी. नाही. घरपट्टी हा कर आहे, जो राहतो त्याच्याकडून नगरपरिषद तो घेते, अतिक्रमणातल्या घराचीही घरपट्टी लागते. लाईट बिलाचं तसंच. मालकीचा कागद म्हणजे सिटी सर्व्हे झालेल्या भागात मालमत्ता पत्रक, ज्याला सगळे पीआर कार्ड म्हणतात, आणि सर्व्हे न झालेल्या भागात सातबारा किंवा नोंदणी झालेलं खरेदीखत. जुन्या गावठाणातल्या घरांना यातलं काहीच नसतं, तिथं काही नगरपरिषदा कर आकारणीचा जुना उतारा धरून चालतात आणि काही चालत नाहीत, त्यामुळे तुमच्या नगरपरिषदेत काय चालतं ते फॉर्म भरायच्या आधी तोंडी विचारून या.

आमच्या गल्लीतल्या एक मावशी आहेत, नवरा वारलेला, चार घरची धुणीभांडी करतात, तीन पत्र्यांचं घर. घरकुल कुणाला मिळायला पाहिजे असं विचारलं तर पहिलं नाव त्यांचंच निघेल. त्यांनी पिशवीतून पीआर कार्ड काढून दाखवलं, चार घड्या पडलेलं, घडीवर शाई उडालेली, आणि धारकाच्या रकान्यात नाव सासऱ्यांचं. सासरे जाऊन पंधरा वर्षं झाली. दोन दीर पुण्यात. आता कायद्यानं त्या जागेत मावशींच्या नवऱ्याचा हिस्सा आहे, दोन्ही दिरांचा आहे, आणि दोन नणंदांचाही आहे. मावशींनी उत्पन्नाचा दाखला काढला, आधारला मोबाईल लिंक केला, फोटो काढले, सगळं झालं, आणि फाईल या एका रकान्यावर थांबली.

अशा वेळी करायचं काय? पहिलं, वारस नोंद. मयत झालेल्यांचे मृत्यू दाखले, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज, हे सगळं सिटी सर्व्हे असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात आणि सातबारा असेल तर तलाठ्याकडे. त्यानं सगळ्या वारसांची नावं लागतात. दुसरं, ज्यांना ती जागा नकोय त्यांनी हक्कसोडपत्र करून द्यायचं, आणि ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचं, नुसतं स्टॅम्पवर लिहून नोटरी केलेलं टिकत नाही. नाहीतर भावांनी वाटणीपत्र करून ज्याचा त्याचा तुकडा वेगळा करायचा. काही ठिकाणी सगळ्या हिस्सेदारांचं संमतीपत्र दिलं तरी नगरपरिषद फाईल पुढं सरकवते, पण मी म्हणेन की शक्य असेल तर नाव स्वच्छ करूनच घ्या, कारण घर उभं राहिल्यावर दीर-भावजयींची भांडणं कोर्टात जातात आणि तिथं संमतीपत्राचा अर्थ ज्याचा वकील तसा निघतो.

हे सगळं व्हायला महिनेच्या महिने जातात. म्हणूनच योजना चालू झाल्यावर कागद शोधायला लागणाऱ्या माणसाची पाळी येत नाही. आज घरकुलाचा फॉर्म भरायचा नसला तरी ज्यांच्या घरात वारस नोंद राहिलीय त्यांनी ती याच महिन्यात टाकावी.

दुसरी अडचण गुंठ्याच्या प्लॉटची. शहराच्या कडेला शेतात पाडलेले एक-एक गुंठ्याचे प्लॉट, शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर घेतलेले, एनए म्हणजे बिनशेती परवानगी नाही, खरेदीखत नाही कारण शेतजमिनीचे फार लहान तुकडे विकायला बंदी घालणाऱ्या तुकडेबंदी कायद्यामुळे नोंदणीच होत नव्हती. पैसे पूर्ण दिलेत, ताबा आहे, घर बांधून राहतोय, पण सातबाऱ्यावर नाव अजून मूळ शेतकऱ्याचं, किंवा नाव लागलं असेल तर इतर हक्काच्या रकान्यात तुकड्याचा शेरा. सरकारनं २०२५ मध्ये एक गुंठ्यापर्यंतचे असे जुने व्यवहार नियमित करायचा निर्णय जाहीर केला, त्याचा फायदा तुमच्या प्लॉटला होतो का हे तहसीलमध्ये जाऊन विचारा, कारण तो झाला तर घरकुल आणि बँकेचं कर्ज दोन्हीचा रस्ता मोकळा होतो. सातबारा काढलात की भोगवटादार वर्ग १ आहे की २ तेही बघा. वर्ग २ म्हणजे सरकारनं अटींवर दिलेली जमीन, तिची विक्री सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय होत नाही, त्यामुळे असा प्लॉट कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका.

तिसरी, सरकारी जागेवरचं अतिक्रमण. इथं लोक घाबरून गप्प बसतात, गरज नाही. शहरी भागात सरकारी जमिनीवर १ जानेवारी २०११ च्या आधीपासून राहणाऱ्यांचं अतिक्रमण घरकुलासाठी नियमानुकूल करायचा शासन निर्णय २०१८ चा आहे, त्यात ठराविक क्षेत्रापर्यंतची जागा त्या कुटुंबाच्या नावे होते. विदर्भात याला पट्टा मिळणं म्हणतात. नाला, रस्ता, तलावाची जागा, आरक्षण, अशा ठिकाणी हे होत नाही. पण बाकी जागेवर असाल तर २०११ आधीचे पुरावे, म्हणजे जुनी घरपट्टी, मतदार यादी, लाईट बिल, जपून ठेवा आणि वस्तीतल्या सगळ्यांनी मिळून प्रस्ताव द्या, एकट्या-दुकट्याच्या अर्जाला हलायला फार वेळ लागतो. घरपट्टीच्या पावत्या मालकी सिद्ध करत नाहीत, पण किती वर्षांपासून राहताय ते सिद्ध करतात, आणि इथं तेच लागतं.

फॉर्म कसा भरायचा

हा भाग खरंच सोपा आहे. केंद्राच्या पीएमएवाय अर्बनच्या, म्हणजे याच शहरी आवास योजनेच्या वेबसाईटवर २.० साठी अर्ज करायचा पर्याय आहे, आधी राज्य, उत्पन्न, प्रकार विचारतात, मग आधार नंबर टाकून ओटीपी येतो आणि फॉर्म उघडतो. स्वतःच्या मोबाईलवरूनही भरता येतो. जमत नसेल तर सीएससी, म्हणजे सरकारी ऑनलाइन सेवांचं सेंटर, किंवा थेट नगरपरिषद. या अर्जाची सरकारी फी हजारांत नाही, सेंटरवाला त्याचा भरण्याचा थोडा मोबदला घेईल, तेवढंच.

लागतं काय : कुटुंबातल्या सगळ्यांचे आधार, बँक पासबुक, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला असेल तर तो, आणि स्वतःच्या जागेवर बांधायचं असेल तर वरचा तो जागेचा कागद. उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचा, सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून निघतो.

दोन ठिकाणी अर्ज हमखास अडकतो. एक म्हणजे नाव. आधारवर "सुमनबाई", बँकेत "सुमन", पीआर कार्डवर माहेरचं नाव. नावं आधी जुळवून घ्या. दुसरं बँक खातं. अनुदान डीबीटीनं येतं, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात, आणि त्यासाठी खातं डीबीटीला जोडलेलं असावं लागतं. बँकेत आधारची झेरॉक्स दिलीय म्हणजे ते जोडलं गेलं असं नाही, काउंटरवर "डीबीटीला आधार सीडिंग झालंय का" असंच विचारा. तुमची दोन-तीन खाती असतील तर पैसे सीडिंग झालेल्या खात्यातच जातात, मग माणूस भलत्याच पासबुकावर एंट्री मारत बसतो.

घर कुणाच्या नावावर, हाही प्रश्न येतो. योजनेत घर घरातल्या बाईच्या नावावर किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर घ्यायचं असतं, घरात सज्ञान बाई नसेल तरच एकट्या पुरुषाच्या नावावर. काही पुरुषांना हे खटकतं. मला ही योजनेतली सगळ्यात चांगली अट वाटते. दारूपायी घर विकून बायको-पोरं रस्त्यावर आल्याची उदाहरणं प्रत्येक गावात आहेत, दोघांची सही लागणार असेल तर ते इतकं सहज होत नाही.

फॉर्म भरला म्हणजे घर मंजूर झालं का

नाही. फॉर्म भरल्यावर नगरपरिषदेचा माणूस कागद तपासतो, जागेवर येऊन बघतो, मग पात्र लोकांची एक यादी बनवून तिचा सविस्तर प्रकल्प अहवाल तयार होतो. सगळे त्याला डीपीआर म्हणतात. तो राज्याच्या समितीकडे जातो, तिथून केंद्राच्या समितीकडे, तिथं मंजूर झाला की मग त्या यादीतल्या लोकांना घर मंजूर.

लग्नातली पंगत डोळ्यासमोर आणा. मांडवात आलात म्हणजे पान वाढलं असं होत नाही, पंगत बसते तेवढ्यांनाच वाढतात आणि बाकीचे थांबतात, पुढची पंगत बसते तेव्हा त्यांचा नंबर. डीपीआर ही पंगत आहे. तुमच्यानंतर अर्ज केलेल्या शेजाऱ्याचं नाव आधी आलं तर लगेच वशिला असं समजू नका, कदाचित त्याचे कागद पूर्ण होते म्हणून तो आधीच्या डीपीआरमध्ये बसला आणि तुमची त्रुटी निघाली म्हणून तुम्ही पुढच्यात गेलात. वशिला चालत नाही असं मी म्हणत नाही. पण ज्याच्या फाईलमध्ये त्रुटी नाही त्याला बाजूला ठेवायला कुणाला तरी लेखी कारण द्यावं लागतं, आणि त्रुटी असेल तर ते कारण आयतंच मिळतं.

विधवा आणि एकट्या महिला, अपंग, ज्येष्ठ, तृतीयपंथी, अनुसूचित जाती-जमाती, अल्पसंख्याक, सफाई कामगार, स्वनिधी योजनेतले फेरीवाले, अंगणवाडी कार्यकर्त्या, बांधकाम कामगार यांच्याकडे योजनेत विशेष लक्ष द्यायला सांगितलंय. यात तुम्ही बसत असाल तर त्याचा दाखला किंवा ओळखपत्र अर्जाला जोडाच. याशिवाय अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई आवास, आदिवासींसाठी शबरी आवास या राज्याच्या वेगळ्या योजना आहेत, नगरपरिषदेत त्यांचीही चौकशी करा, कधी कधी तिकडची यादी लवकर हलते.

मंजूर झालंय, जुनं घर पाडू का?

थांबा. हा मुद्दा मी मुद्दाम वेगळा घेतलाय कारण यात लोकांचं खरोखर नुकसान होतं. मंजुरीचं ऐकलं की उत्साहात घर पाडतात, पाया खणून घेतात, आणि नंतर कळतं की जिओ-टॅग झालेलंच नाही. जिओ-टॅग म्हणजे नगरपरिषदेचा माणूस मोबाईल ॲपमधून जागेचा फोटो काढतो आणि त्यात ती जागा नकाशावर नेमकी कुठं आहे ते आपोआप नोंदलं जातं. तो काम सुरू व्हायच्या आधी, मग पाया-जोता, लिंटल, स्लॅब आणि शेवटी पूर्ण घर, असा टप्प्याटप्प्यानं होतो, आणि पैसे या टप्प्यांना बांधलेले असतात. आधीच बांधून झालेल्या घराला अनुदान मिळत नाही. तर बांधकाम परवानगी, कार्यारंभाचा आदेश आणि पहिला फोटो, हे तिन्ही हातात आल्याशिवाय कुदळ मारायची नाही. राहायची दुसरी सोय झाल्याशिवाय पत्रेही काढायचे नाहीत.

अडीच लाखात घर होतं का?

होत नाही, आणि हे स्पष्ट सांगायला हवं. योजनेत चटईक्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्र, ३० ते ४५ चौरस मीटर धरलंय. ३० चौरस मीटर म्हणजे ३२३ चौरस फूट. मिस्त्री फुटाला १,७०० रुपये म्हणाला तर तेवढ्याचेच साडेपाच लाख होतात. म्हणजे अर्ध्याहून जास्त पैसे तुमचे. वर ते टप्प्यानं येतात, त्यामुळे प्रत्येक टप्पा आधी तुमच्या पैशानं उभा करायचा आणि मग हप्ता यायची वाट बघायची. जोत्यापर्यंत आलेली आणि गवत उगवलेली घरकुलं प्रत्येक शहरात दिसतात, ती आळसामुळे तशी पडलेली नाहीत, त्या घरात दुसऱ्या हप्त्यापर्यंत तग धरायला पैसे नव्हते.

यावर माझं मत असं की आधी लहान बांधा. एक खोली, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम, ३० चौरस मीटरची अट पूर्ण होईल एवढंच, आणि पाया वर मजला चढेल असा घ्या. हौसेनं मोठा जोता घातला की तिथंच पैसे संपतात. वाळूसाठी राज्याच्या २०२५ च्या धोरणात घरकुलवाल्यांना ५ ब्रासपर्यंत वाळू मोफत द्यायची तरतूद आहे, तहसीलमध्ये मंजुरीचं पत्र दाखवून मागा, वाहतूक मात्र तुमची. बांधकाम कामगार म्हणून नोंदणी असेल तर त्यांच्या कल्याणकारी मंडळाची अटल बांधकाम कामगार आवास योजना आहे, तिचीही माहिती घ्या. खाजगी सावकाराकडून किंवा आठवड्याच्या हप्त्याच्या मायक्रोफायनान्समधून पैसे उचलून स्लॅब टाकू नका, अनुदानाचा हप्ता कधी येईल ते तुमच्या हातात नाही आणि त्यांचा हप्ता दर आठवड्याला दारात येतो.

जागाच नाही, भाड्यानं राहतो, मग आमचं काय?

इथं दोन रस्ते. एक म्हाडा. लोकांना म्हाडा म्हणजे मुंबई वाटतं पण मराठवाड्यासाठी छत्रपती संभाजीनगरचं मंडळ आहे, तसंच नाशिक, पुणे, नागपूर, अमरावती, कोकण अशी मंडळं आहेत, आणि त्यांच्या सोडतीत अधूनमधून लातूर, जालना, धाराशिव अशा ठिकाणची घरं किंवा प्लॉटही निघतात. अर्ज पूर्ण ऑनलाइन. आधी नोंदणी करून कागद अपलोड करायचे, ते तपासले जातात आणि मगच सोडतीचा अर्ज. अधिवासाचा दाखला, आयकर विवरणपत्र किंवा तहसीलदाराचा उत्पन्न दाखला, आधार, पॅन एवढं एकदा करून ठेवलं की पुढच्या सोडतीला पळापळ नाही. अनामत रक्कम भरावी लागते, नंबर नाही लागला तर ती परत येते. उत्पन्नाच्या मर्यादा म्हाडाच्या वेगळ्या आणि आवास योजनेपेक्षा सैल आहेत, त्या प्रत्येक जाहिरातीत दिलेल्या असतात. घराची अटही वेगळी : म्हाडा बघते की त्याच शहराच्या हद्दीत तुमचं घर नको. गावाकडं वडिलोपार्जित घरात नाव असलेल्यांना आवास योजनेत अडचण येते, म्हाडात तेवढी येत नाही.

मोठ्या शहरांत एका घरामागे शेकडो अर्ज येतात, छोट्या शहरांतली घरं मात्र बऱ्याचदा शिल्लक राहतात आणि मग प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य या पद्धतीनं विकली जातात, म्हणजे सोडतच नाही. या जाहिरातीवर नजर ठेवा. फक्त जागा स्वतः जाऊन बघा, पाणी, रस्ता, बस, शाळा किती लांब. शिल्लक राहण्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं.

दुसरा रस्ता व्याज सबसिडीचा. किराणा दुकान, छोटी नोकरी, महिन्याला ३०-४० हजार येतात, म्हणजे ३ लाखांच्या वर, अनुदान नाही, अशा कुटुंबांसाठी हा आहे. घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असेल तर पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के सबसिडी, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, आणि ती वर्षाला एक अशा पाच हप्त्यांत. म्हणजे वर्षाला ३६ हजार. ८ लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी १२ वर्षांसाठी घेतलं तर महिन्याचा हप्ता ८,९०० च्या आसपास बसतो, म्हणजे पाच वर्षं दरवर्षी साधारण चार हप्ते सरकारनं भरल्यासारखं होतं. कर्ज १ सप्टेंबर २०२४ नंतरचं हवं, सबसिडीच्या वेळी खातं चालू हवं आणि निम्म्यापेक्षा जास्त मुद्दल बाकी हवं, त्यामुळे शेत विकून दोन वर्षांत कर्ज फेडून टाकलं तर पुढची सबसिडी जाते. आणि बँक कर्ज देताना पुन्हा तेच बघते, एनए आहे का, खरेदीखत आहे का, मंजूर नकाशा आहे का.

वडिलांनी पूर्वी इंदिरा आवास घेतलं होतं, मला मिळेल का?

मुलाचं लग्न झालेलं असेल तर तो वेगळं कुटुंब. वडिलांचं घर त्याच्या नावावर नसेल, त्याची स्वतःची वेगळी जागा असेल आणि पक्कं घर नसेल, तर त्याला अर्ज करता येतो. वडिलांच्या त्याच घरकुलावर दुसरा मजला चढवायला मात्र नवीन घरकुल मिळेल ही अपेक्षा ठेवू नका.

यादीत नाव नाही किंवा कुणी पैसे मागतोय

अर्ज भरल्यावर मिळालेला नंबर कुठंतरी लिहून ठेवा, त्यावरून वेबसाईटवर स्थिती दिसते. फेटाळला असेल तर कारण लेखी मागा. तोंडी "तुमचं बसत नाही" यावर परत येऊ नका, साधा अर्ज लिहून मुख्याधिकाऱ्यांच्या नावे आवक विभागात द्या आणि तुमच्या प्रतीवर शिक्का घ्या. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकाराचा अर्ज, फी १० रुपये, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, त्यात एवढंच विचारा : माझ्या अर्जाची आजची स्थिती काय, तो कोणत्या डीपीआरमध्ये आहे, नसेल तर कोणत्या त्रुटीमुळे. उत्पन्न, अधिवास असे दाखले लटकले असतील तर लोकसेवा हक्क कायदा २०१५ खाली ठरलेल्या मुदतीत ते द्यावेच लागतात, आणि आपले सरकार पोर्टलवर त्याचं अपील करता येतं.

फोटो काढायला आलेला माणूस किंवा हप्ता सोडणारा कुणी टक्केवारी मागत असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा टोल फ्री नंबर आहे. लोक म्हणतात तक्रार केली तर फाईलच अडकेल. भीती खरी आहे, मी ती खोटी म्हणणार नाही, म्हणून एकट्यानं जाऊ नका. एकाच डीपीआरमधले दहा-पंधरा जण ओळखीचे निघतातच, सगळ्यांच्या सह्यांनी हप्त्याची लेखी मागणी मुख्याधिकाऱ्यांकडे द्या, एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नगरपालिका प्रशासन विभागाला द्या, आणि प्रत्येकानं आपापल्या टप्प्याचे तारीख असलेले फोटो स्वतःच्या मोबाईलमध्येही ठेवा.